कादु की काढू

आमच्या घरात सकाळचा चहा बातमीशिवाय होत नाही, आणि बातमी साधी चालत नाही. निवडणूक, पाणीपट्टी, कांद्याचा भाव हे सगळं अण्णा, म्हणजे माझे वडील, बाजूला सारतात. त्यांना लागतं ते अजब. अजब, पण खरं. ऑस्ट्रेलियात सरकारनं एमू पक्ष्यांवर बंदुका घेऊन सैनिक पाठवले आणि पक्षी जिंकले. अमेरिकेत एका शहरात मळीची टाकी फुटली आणि रस्त्यांवर मळीचा पूर आला. ही बातमी तर अण्णांची फार लाडकी. साखर कारखान्यावरून एसटी गेली की नाकाला रुमाल लावणाऱ्या आम्हा सोलापूरकरांना तो पूर कसा असेल हे सांगावं लागत नाही. अलीकडची म्हणजे स्कॉटलंडच्या प्राणिसंग्रहालयातला पेंग्विन. नॉर्वेच्या राजाच्या पलटणीनं त्याला मेजर जनरल केलं. ती वाचून अण्णांनी खुर्चीतच बसल्या बसल्या सलाम ठोकला होता. पोलिसाचा मुलगा, सलाम रक्तातच.

या चहाला एक नियम आहे. कुणी काही अजब सांगितलं की अण्णा चष्मा कपाळावर ढकलून विचारतात, "साक्षीदार कोण?" साक्षीदार नसेल तर गोष्ट बाद. माझी मुलगी तिसरीत असताना शाळेत वाघ आला म्हणून सांगत आली, तिलाही हाच प्रश्न. ती बिचारी शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीला धरून घरी घेऊन आली होती.

फक्त एका गोष्टीला हा नियम लागू नव्हता. ती अण्णांच्या वडिलांची, माझ्या आजोबांची गोष्ट. आजोबा बार्शीकडच्या खेड्यातून आले आणि इंग्रजांच्या पोलिसात शिपाई झाले. तीस साली सोलापूरकरांनी काही दिवस गोऱ्यांचं राज्य मोडीत काढलं, पोलीस माघारी गेले, आणि मग मार्शल लॉ आला. डोक्यावर खादीची पांढरी टोपी दिसली की पकडायचे. शहरात टोपी घालणं हा गुन्हा, ही अण्णांच्या मते जगातल्या सगळ्या अजब गोष्टींत वरच्या नंबरची. तर त्या दिवसांत आजोबांना सात रस्ता चौकापाशी एक तेलुगू विणकर भेटला. काखेत बिनशेपटीचा कोंबडा आणि डोक्यावर पांढरी टोपी. आजोबांनी दरडावलं तसा तो थरथरायला लागला आणि म्हणाला, "काडू? काडू?" आजोबांना दया आली. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. जा घरला." एवढीच गोष्ट. अण्णा ती सांगताना आवाज बदलत, थरथरत, आणि शेवटी छाती काढून बसत. माझ्या लहानपणापासून मी ती इतक्यांदा ऐकली होती की कोंबड्याची शेपूट कशानं गेली असेल याचा विचार करत मी मधला भाग सोडून द्यायचे.

आता मुलीचं लग्न ठरत होतं. मुलगा पुण्यात तिच्याच कंपनीतला, पण मूळ सोलापूरचाच, पूर्व भागातल्या विणकरांच्या घरातला. घरात तेलुगू बोलतात, बाहेर आमच्यापेक्षा चांगलं मराठी. जातीवरून आणि भाषेवरून जे रुसवेफुगवे व्हायचे होते ते दोन्हीकडे आधीच उरकून गेले होते. आता फक्त बोलणी करायची, तारीख धरायची आणि हॉल मिळतो का बघायचा, एवढंच राहिलं होतं. म्हणून आम्ही त्यांच्या घरी गेलो. स्वागत झालं, उपमा झाला. मुलाचे आजोबा, त्यांना सगळे ताता म्हणतात, वयानं अण्णांच्या बरोबरीचे आणि बोलायला अण्णांच्या वरताण. अण्णा हा शब्द त्यांच्या भाषेत थोरल्या भावासाठी, म्हणून त्यांनी पहिल्याच वाक्यात अण्णांना थोरले भाऊ करून टाकलं. मला वाटलं, जमलं.

जमलंच होतं, पण अण्णांना गप्प बसवेना. त्यांनी पेंग्विन काढला. तातांनी त्यावर एका माकडाची बातमी काढली. मग एमू. मग तातांनी मांडी ठोकली आणि म्हणाले, लांब कशाला जायचं, अजब गोष्ट आमच्याच घरातली आहे. आणि सुरू केली.

त्यांचे वडील मार्शल लॉच्या दिवसांत सात रस्त्याकडून चालले होते. काखेत कोंबडा होता. इंग्रजांच्या पोलिसानं अडवलं आणि टोपी काढ म्हणून ओरडला. वडील वाघासारखे उभे राहिले आणि म्हणाले, "कादु! कादु!" कादु म्हणजे नाही, तातांनी आम्हाला समजावलं. सगळ्या सोलापूरवर मार्शल लॉ, आणि एक विणकर सरकारला तोंडावर नाही म्हणतोय. पोलीस घाबरून मागं सरला. वडील टोपी न काढता ताठ मानेनं घरी आले.

मुलाचे आईवडील कौतुकानं हसत होते. ही गोष्ट त्यांच्या घरात प्रत्येक लग्नात होते हे दिसतच होतं. मी मात्र अण्णांकडे पाहिलं. त्यांच्या हातातली बशी ओठांपाशी थांबली होती.

"कोंबडा कसला होता?" अण्णांनी विचारलं.

"लाल. शेपूट नव्हती त्याला."

मी डोळ्यांनी अण्णांना सांगत होते, राहू द्या. आमचे हे खाकरले. पण अण्णांनी बशी खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाले, "तो पोलीस म्हणजे माझे वडील. आणि तुमचे वडील कादु म्हणाले नाहीत. काढू का म्हणाले. दया आली म्हणून सोडलं त्यांना."

तातांचा चेहरा लाल झाला. माझे वडील कुणापुढं टोपी काढणाऱ्यातले नव्हते, असं ते म्हणाले. माझे वडील कुणाला भिऊन मागं सरणाऱ्यातले नव्हते, असं अण्णा म्हणाले. मग अण्णा उठले आणि दारात जाऊन चपला शोधायला लागले. त्यांच्या चपला माझ्या नवऱ्याच्या चपलांखाली होत्या, त्यामुळे रागानं निघून जाणं त्यांना जरा जड गेलं. तारीख धरायची राहिली. हॉल तर त्याहून लांब राहिला.

घरी आल्यावर मी अण्णांवर चांगलीच उखडले. नातीच्या लग्नापेक्षा कोंबडा मोठा झाला का, म्हटलं. ऐंशीच्या घरातली दोन माणसं, आणि भांडण कशावरून, तर शंभरीला टेकलेल्या एका शब्दावरून. कान लावून ऐकला तर एकच शब्द. सोलापुरात आम्ही ढ चा ड कधी करतो आणि ड चा द कुणाच्या तोंडात कधी होतो, त्याचा हिशेब कुणी ठेवलाय? तिकडे तातांनीही म्हणे जेवण सोडलं होतं, फक्त दहीभात घेत होते. माझ्या मते दहीभात म्हणजे जेवण सोडणं नव्हे, पण त्या घरात तसं धरतात.

मुलीनं पुण्याला परत जायचं तिकीट काढलं आणि बॅग भरताना हिरवी साडी, जी तिनं साखरपुड्यासाठी आणली होती, ती माझ्या कपाटात ठेवली. "असू दे इथंच," एवढंच म्हणाली. ते मला फार लागलं. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

अण्णांनी सकाळच्या बातम्या बंद केल्या. पेपर घडी न उघडता तसाच पडायला लागला. दोन-तीन दिवसांनी मीच चहा घेऊन त्यांच्यासमोर बसले आणि विचारलं, की एवढं काय आहे त्यात. ते म्हणाले, आम्ही हुतात्म्यांच्या गावचे. दर जानेवारीत, चौघांना फाशी झाली त्या दिवशी, शाळेत हुतात्म्यांना वंदन व्हायचं, आणि मग गुरुजी विचारायचे, कुणाच्या घरातलं कोण लढ्यात होतं? हात वर व्हायचे. कुणाचा काका, कुणाचे आजोबा. "माझा हात कधी वर नाही झाला. पोरं मागं वळून बघायची. सगळ्यांना ठाऊक होतं माझा बाप कुणाकडं नोकरीला होता." मग ते म्हणाले, "एवढी एकच गोष्ट होती गं माझ्याकडं. त्यानं एका माणसाला सोडलं."

मला एकदम त्यांची दया आली आणि स्वतःचा राग आला. ज्या गोष्टीला साक्षीदार मागायची त्यांना कधी हिंमत झाली नव्हती, ती ही एकच होती. आता तातांनी उलटा साक्षीदार आणून उभा केला होता.

पुढच्या रविवारी सकाळी दारात रिक्षा थांबली. आधी उतरली एक मोठी पिशवी, मग एक काठी, मग तातांची थोरली बहीण. तिला त्यांच्याकडे लहानथोर सगळे अक्का म्हणतात. आम्ही बोलणीला गेलो तेव्हा ती लेकीकडे अक्कलकोटला होती. परत आल्यावर तिला घडलेलं कळलं होतं. तिच्यामागून ताता उतरले, मान खाली घालून, शाळेतून पकडून आणलेल्या पोरासारखे. अक्कानं पिशवीतून सकिनालूंचा डबा काढून माझ्या हातात दिला. तांदळाच्या पिठाच्या, तिळाच्या, वेटोळ्याच्या चकल्याच म्हणा. आणि तातांना अण्णांच्या समोरच्या खुर्चीत बसवलं. मधली खुर्ची तिनं घेतली.

"दोगंबी चुकलायसा," ती म्हणाली. "मला इचारलं का कुणी?"

कुणीच विचारलं नव्हतं. अक्का तातांपेक्षा मोठी. लहानपणी ती वडिलांच्या मागाशेजारी बसून कांड्या भरायची, म्हणजे आडवं सूत छोट्या नळ्यांवर गुंडाळायची, आणि वडील माग चालवता चालवता पोरींना गोष्टी सांगायचे. मुलं बाहेर खेळायला. त्यामुळं मुलांना वाघासारख्या बापाची गोष्ट मिळाली, जी पुढं त्यांच्या मामांनी रंगवली, आणि पोरींना खरी मिळाली. लग्नाकार्यात पुरुषमाणसं हौसेनं वाघाची गोष्ट सांगायची तेव्हा ती गालात हसून वाढायला उठायची. कशाला मोडायची, असं तिला वाटायचं.

मग तिनं आम्हाला शब्दाचा अर्थ सांगितला. "कादु म्हंजे 'करत न्हाय' न्हवं. टोपी काडत न्हाय म्हणायचं असतं तर माजा बाप 'तीयनु' म्हणला असता. कादु म्हंजे 'ते न्हवं'. औनु म्हंजे व्हय, तसंच हाय. कादु म्हंजे तसं न्हाय."

"मग काय तसं नव्हतं?" अण्णांनी विचारलं. इतक्या दिवसांत त्यांचा चष्मा पहिल्यांदा कपाळावर गेला.

"कोंबडा," अक्का म्हणाली. "चोरीचा न्हवता."

झालं होतं ते असं. तिचे वडील बहिणीच्या घरी कोंबडा घेऊन निघाले होते. गडबडीत पळत होते. बिनशेपटीचा कोंबडा काखेत गच्च धरून पळणारा माणूस बघितला की कुणालाही एकच शंका येईल. शिपायानं आधी तेच विचारलं, की कोंबडा कुणाचा, चोरलास का? त्यांना मराठी यायचं ते मोडकंतोडकं. चोर ठरवतायत म्हटल्यावर घाबरून ते म्हणत राहिले, कादु, कादु. डोक्यावर टोपी आहे हे ते विसरूनच गेले होते. शिपायानं ऐकलं, काढू, काढू. तो म्हणाला, काढ. यांना वाटलं, कोंबडा काढून दे म्हणतोय. यांनी आणखी गच्च धरला. शेवटी शिपाई वैतागला, बिचाऱ्याचे दोन्ही हात अडकलेत म्हणून त्यानं कोंबडा स्वतःकडे घेतला.

"आनि त्यानं शिपायाचा अंगठा फोडला की. रगात आलं."

अण्णा पुढे सरकले. आजोबांच्या अंगठ्यावर एक पांढरा वण होता, तो मीही पाहिलाय. कशाचा म्हणून विचारलं की ते म्हणायचे, सरकारी कामात लागलं. अण्णांनी अक्काला विचारलं, कुठला अंगठा. ते तिला माहीत नव्हतं. अण्णाच हळू आवाजात म्हणाले, "डावा."

कोंबडा निसटला. मार्शल लॉ असलेल्या शहरात भर रस्त्यावर सरकारचा शिपाई आणि खादीच्या टोपीतला विणकर दोघं मिळून एका कोंबड्यामागं पळायला लागले. एकानं इकडून अडवायचं, दुसऱ्यानं तिकडून. भाषा कळत नव्हती, पण कोंबडा धरायला भाषा लागत नाही. त्या पळापळीत टोपी रस्त्यात पडली. कोंबडा शिपायानं धरला आणि रक्ताळलेल्या हातानंच विणकराच्या दोन्ही हातांत दिला. आता विणकर कोंबडा धरून उभा, टोपी धुळीत पडलेली, आणि हात दोन्ही अडकलेले. तो टोपीकडं बघत राहिला.

इथं अक्का थांबली. सकिनालूचा तुकडा मोडून तिनं अण्णांच्या बशीत ठेवला. मग म्हणाली, "शिपायानं अल्याड पल्याड बघितलं. टोपी उचलली. सवताच्या मांडीवर झटकली, आनि बापाच्या डोस्क्यावर घातली. म्हणला, पळ."

अण्णांच्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "साक्षीदार कोण?"

"कोंबडा होता," अक्का म्हणाली. "त्याला आमी खाल्लं."

ताता आधी हसले. खुर्चीला धरून हसले, खोकला येईपर्यंत. मग माझा नवरा, जो त्या दिवसापर्यंत सोयरिकीत खाकरण्यापलीकडं काही बोलला नव्हता, तोही हसायला लागला. अण्णा हसता हसता रडत होते, आणि ते पुसतही नव्हते. इंग्रज सरकारच्या शिपायानं बंदीची टोपी स्वतःच्या हातानं विणकराच्या डोक्यावर घातली, हे पोलीस लाईनीत कुणाला सांगणार होते आजोबा? नोकरी गेली असती, कदाचित तुरुंगही झाला असता. म्हणून त्यांनी घरी फक्त एवढंच सांगितलं, की सोडून दिलं. आणि तिकडच्या वाघाच्या गोष्टीत पोलिसानंच टोपी परत डोक्यावर ठेवून चालत नव्हतं, म्हणून ती बाजूही गळून गेली. दोन्ही घरांनी आपापला बाप जपला, आणि गोष्टीचा सगळ्यात चांगला भाग पोरींच्या कांड्यांबरोबर मागाशेजारी पडून राहिला. माझं म्हणाल तर मला एमूंची आठवण झाली. इथंही सरकार पक्ष्यापुढं हरलंच होतं.

तातांनी उठून अण्णांचा डावा हात हातात घेतला आणि अंगठ्याकडं बघत राहिले, जसा काही वण वारशानं येतो. जाताना अक्कानं मला बजावलं, की साखरपुड्याच्या जेवणात कोंबडा ठेवू नका, शाकाहारी ठेवा. त्यानं पुष्कळ केलंय आपल्यासाठी, म्हणाली. मी लगेच पुण्याला फोन लावला आणि मुलीला सांगितलं, हिरव्या साडीचा ब्लाऊज शिवायला टाकतेय. ती म्हणाली, "साक्षीदार कोण?" आणि मग रडली. मला बरं वाटलं.

साखरपुड्याला आमच्याकडं व्याह्यांना टॉवेल-टोपीचा मान असतो. बाजारात आता चकचकीत फेटे मिळतात, पण अण्णांनी हट्ट धरून पांढरी खादीची टोपी आणली होती. हॉल गच्च भरला होता. माझी मुलगी हिरव्या साडीत पाटावर बसली होती आणि सारखी हसत होती, त्यामुळं फोटोवाला वैतागला होता. तातांना मान द्यायची वेळ आली तेव्हा अक्कानं काय केलं असेल? तिनं त्यांच्या एका हातात नारळ दिला, दुसऱ्यात पेढ्यांचा पुडा, आणि बाजूला जाऊन उभी राहिली.

ताता दोन्ही हात अडकवून अण्णांसमोर उभे. अण्णांनी टोपी उचलली. टोपी कोरी होती, तिला धूळ कुठली? तरी अण्णांनी अल्याड पल्याड बघितलं, ती स्वतःच्या मांडीवर दोनदा झटकली, आणि विचारलं, "ही तुमचीच ना?"

"औनु," ताता म्हणाले आणि त्यांनी मान पुढं केली.